कयाकची सहल ठरवताना आधी तिथी बघा

सहलीची तारीख ठरवायला बसले की मी सगळ्यात आधी तिथी बघते. विमानाची तिकिटं, राहायची सोय, सुट्ट्या हे सगळं त्यानंतर. गेली आठ वर्षं आमच्या सहा जणांच्या कयाक सहली मीच आखतेय. कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची एक-दोघांची छोटी होडी. गटात बहीण, मेहुणे, दोन भाचरं, माझी एक मैत्रीण आणि मी. कोणीही खेळाडू नाही. मेहुणे ५८ वर्षांचे, धाकटी भाची १६ वर्षांची. सगळ्यांना पोहता येतं आणि सगळ्यांना समुद्र आवडतो, एवढंच आमचं भांडवल. या आठ वर्षांत जे चुकत-माकत शिकले, ते पहिल्यांदा जाणाऱ्यांना आधीच माहीत असावं म्हणून लिहितेय.

सुरुवात ऋतूपासून करा. ‘उष्ण कटिबंध म्हणजे बारा महिने ऊन’ हा समज डोक्यातून काढून टाका. एकाच देशाच्या दोन किनाऱ्यांवर दोन वेगळे ऋतू असू शकतात. थायलंडचंच बघा. अंदमान समुद्राकडचा क्राबी आणि फांग-नगाचा किनारा नोव्हेंबर ते एप्रिल शांत असतो, पण पलीकडच्या आखातातल्या को सामुईला ऑक्टोबर ते डिसेंबर धो धो पाऊस. कॅरिबियनमध्ये आणि त्याच्या आसपास १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. बेलीझला जायचं तर फेब्रुवारी ते मे बरा. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर समुद्रात कयाक घालायचा विचारही करू नये. ऑस्ट्रेलियातल्या उत्तर क्वीन्सलंडमध्ये साधारण नोव्हेंबर ते मे पाण्यात विषारी बॉक्स जेलीफिश असतात. देश ठरला म्हणजे जागा ठरली असं होत नाही. किनारा आणि महिना ही जोडी जुळावी लागते.

मग किनाऱ्याची जात बघायची. नवख्यांसाठी सगळ्यात सोपं पाणी म्हणजे प्रवाळाच्या भिंतीच्या आतलं. बाहेरच्या लाटा भिंतीवर फुटतात आणि आत पाणी तळ्यासारखं राहतं. बेलीझचा किनारा कयाकवाल्यांना आवडतो तो याचसाठी. चुनखडीच्या बेटांचा किनारा दुसरा. तिथे आडोसे खूप, पण कड्यांखाली उतरायला जागा नसते, म्हणून दोन पुळणींमधलं अंतर आधी मोजून ठेवावं लागतं. तिसरं कांदळवन, म्हणजे खारफुटीच्या खाड्या. वाऱ्यापासून सुरक्षित, पण भरती-ओहोटीच्या पूर्ण ताब्यात. आणि चौथा, लांबच लांब उघडा पुळणीचा किनारा. फोटोत हाच सगळ्यात सुंदर दिसतो, पण कयाकसाठी हाच सगळ्यात अवघड, कारण किनाऱ्याला लागताना फुटत्या लाटांतून यावं लागतं. कयाक आडवी झाली की लाट ती सरळ उलटवते. पहिल्या सहलीला असा किनारा घेऊ नका.

आता भरती-ओहोटी. इथे जरा थांबते, कारण बहुतेकांचं नियोजन इथेच फसतं.

बऱ्याच किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते आणि दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. म्हणजे रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा. सोमवारी सकाळी ७ ला असलेली भरती शुक्रवारी १० वाजून २० मिनिटांच्या आसपास येईल. सगळीकडे असंच असतं असंही नाही. व्हिएतनामच्या हा लाँग उपसागरात दिवसातून एकदाच भरती येते. कॅरिबियनमध्ये बहुतेक ठिकाणी पाणी अर्धा मीटरसुद्धा वर-खाली होत नाही, तर ऑस्ट्रेलियाच्या ब्रूममध्ये हाच फरक नऊ मीटरच्या वर जातो. म्हणून एका किनाऱ्याचा अनुभव दुसऱ्या किनाऱ्यावर चालवू नका. त्या जागेचं भरतीचं कोष्टक काढा आणि छापून सोबत ठेवा.

अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती. पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि अरुंद जागी ओढ जोराची असते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, सगळं मवाळ. प्रत्यक्षात दोन्ही परिणाम तिथीनंतर एक-दोन दिवस उशिरा येतात. नवख्या गटाची सहल मी नेहमी अष्टमीच्या अलीकडे-पलीकडे बसवते. फांग-नगाच्या उपसागरात कड्यांच्या पोटात ‘हाँग’ नावाची लपलेली तळी आहेत. आत जायचा बोगदा पाणी फार चढलं की छतापर्यंत भरतो आणि फार उतरलं की कोरडा पडतो, त्यामुळे जायला ठरावीक वेळच मिळते. तिथे दुपारचं जेवण कधी हे बोगदा ठरवतो, आपण नाही.

कोष्टक वाचताना एक गोष्ट लक्षात असू द्या. पाणी एकसारख्या वेगाने उतरत नाही. सहा तासांच्या ओहोटीचे बारा हिस्से धरले, तर पहिल्या तासात एक हिस्सा उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी जातं. हे मी वाचलेलं होतं. तरीही तिसऱ्या वर्षी सहा जणांना चिखलात घेऊन बसले.

त्या दिवशी भरती सकाळी ८ वाजून १० मिनिटांनी होती, पाणी तीन मीटर. ओहोटी २ वाजून २० मिनिटांनी, साठ सेंटिमीटर. कांदळवनातून जाणारी एक खाडी नकाशात आमचा तीन किलोमीटरचा फेरा वाचवत होती. अकराला आत शिरलो तेव्हा वल्हं बुडवून बघितलं, तळ लागत नव्हता. ओहोटीला अजून तीन तास आहेत, तेवढ्यात सहज पार होऊ, असं मी म्हटलं. आत सावली होती आणि मुळांमधून चट् चट् आवाज येत होते. काठावर निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारत होत्या. भाचा त्यांचे फोटो काढत राहिला आणि मीही घाई केली नाही. साडेबाराला माझ्या कयाकचा तळ पहिल्यांदा घासला. दीड तासात पाणी ऐंशी सेंटिमीटरच्या आसपास खाली गेलं होतं. दहा मिनिटांत सहाही कयाक चिखलावर टेकल्या.

भाची म्हणाली, “मावशी, उतरून ढकलूया का?” मी वल्हं उभं खुपसून बघितलं. दांडा हातभर सहज आत गेला. अशा चिखलात पाय घालायचा नाही. पाय रुतला की जोर लावून तो निघत नाही, आणि आत कालवांच्या कवच्या असतात, ब्लेडसारख्या कापतात. आम्ही जिथे होतो तिथेच बसून राहिलो. पाणी कधी परत येईल याचा हिशोब मात्र सोपा असतो. ओहोटीच्या जेवढं आधी अडकलात, साधारण तेवढंच नंतर सुटता. आम्ही ओहोटीच्या एक तास पन्नास मिनिटं आधी अडकलो होतो, तेव्हा चार-दहाच्या सुमारास सुटणार. सगळ्यांना तसं सांगितलं. वेळ कळल्यावर माणसं शांत झाली. डोक्यावर ओले पंचे घेतले, पाणी मोजून प्यालो. चिखलावर शेकडो छोटे खेकडे बाहेर आले होते, प्रत्येक नर आपली एकच मोठी नांगी हलवत होता. साडेतीनला खाडीच्या तोंडाकडून बोटभर रुंदीची पाण्याची रेघ सरकत आली, आणि चारच्या पुढे कयाक एकेक करून हलायला लागल्या.

तेव्हापासूनचा माझा नियम: खाडीत चढत्या पाण्यात शिरायचं. चढत्या पाण्यात टेकलात तर दहा मिनिटांत तरंगता. उतरत्या पाण्यात शिरायचंच असेल, तर भरतीनंतरच्या पहिल्या तासात बाहेर पडता येईल एवढंच आत जायचं.

तिथीचा आणखी एक उपयोग आहे. रात्री वल्हं मारलं की निळसर उजेड उमटतो असं पाणी बघायची पुष्कळांची इच्छा असते. पोर्तो रिकोजवळच्या व्हिएकेस बेटावरचा मॉस्किटो बे त्यासाठी प्रसिद्ध आहे, अंदमानातही काही खाड्यांमध्ये तो उजेड दिसतो. पाण्यातले सूक्ष्म जीव ढवळले गेले की चमकतात. चांदण्यात हा उजेड फिका पडतो, म्हणून लोक अमावास्या गाठतात आणि नेमके उधाणाच्या ओढीत सापडतात. त्यापेक्षा वद्य अष्टमीनंतरचे दोन-तीन दिवस घ्या. चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो, संध्याकाळ पूर्ण काळोखी मिळते आणि पाणीही मवाळ असतं. आम्ही दोन वेळा असंच केलं. दुसऱ्या वेळी मेहुण्यांनी हात पाण्यात घालून वर काढला आणि मनगटावरून उजेडाचे थेंब ओघळले. नंतर किनाऱ्याला लागेपर्यंत कोणी बोललं नाही.

वाऱ्याचं शाळेत शिकलो होतो तेच खरं आहे: रात्री मतलई वारे, दिवसा खारे वारे. जमीन तापली की साधारण अकरापासून समुद्राकडून वारा सुटतो आणि दुपारी दोन-तीनला जोरात असतो. म्हणून आमचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. साडेसहाला पाण्यात, साडेदहा-अकराला किनाऱ्यावर. ज्यांना सुट्टीत उशिरा उठायचंय, त्यांना हे मी आधीच स्पष्ट सांगते, नंतर कुरबूर नको.

वेगाचा आकडाही हवा. दहा नॉटपर्यंतच्या (ताशी साधारण १८ किलोमीटर) वाऱ्यात नवखा गट नीट चालतो. वाऱ्याची प्रतवारी करणारं ब्यूफर्टचं कोष्टक १८०५ सालचं आहे, पण आजही कामाचं, कारण ते डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणा सांगतं. समुद्रावर पांढरा फेस जागोजागी दिसायला लागला की वारा ११ ते १६ नॉटमध्ये आला. तो दिवस आम्ही किनाऱ्यावर काढतो. सगळ्यात फसवा वारा म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा. झाडांच्या आडोशाला पाणी आरशासारखं दिसतं, पण दोनशे मीटर आत गेलं की तो पाठीत बसतो आणि परत फिरताना सगळं अंग वाऱ्याला आडवं. अशा दिवशी काठ सोडायचा नाही. आणि शक्य असेल तेव्हा जाताना वारा समोर घ्यायचा, म्हणजे दमलेल्या हातांना परतताना तो मदत करतो.

अंतर किती? सामान भरलेली कयाक सराव असलेला माणूस ताशी पाच-सहा किलोमीटर नेतो. आमच्यासारख्या गटाचा थांबे धरून मी ताशी साडेतीन धरते. दिवसाला १२ किलोमीटर पुष्कळ झाले. पहिल्या दिवशी ७-८. आणि पाच दिवसांच्या सहलीत एक दिवस रिकामा ठेवायचाच. तो वाऱ्याचा दिवस. वारा आलाच नाही तर पोहण्यात, प्रवाळ बघण्यात जातो. रिकामा दिवस नसला की चौथ्या दिवशी माणूस नको त्या हवेत पाण्यात उतरतो, कारण पाचव्या दिवशी विमान असतं. नकाशावर दर चार किलोमीटरला एक पळवाट, म्हणजे जिथे चट्‌कन किनाऱ्याला लागता येईल अशी जागा, लाल पेनने गोल करून ठेवा.

कयाक दोन प्रकारच्या मिळतात. एक वर बसायची, उघडी. दुसरी आत पाय घालून बसायची, लांब आणि निमुळती. कोमट पाण्यात, छोट्या टप्प्यांसाठी उघडी उत्तम. उलटली तर पाण्यातून पुन्हा वर चढता येतं, आत पाणी साचत नाही. रोज सामान घेऊन पुढे जायचं असेल तर लांब कयाक हवी, पण मग उलटल्यावर बाहेर यायचा आणि परत आत बसायचा सराव निघण्याआधी करायला हवा. तलावात करा, पोहण्याच्या तलावात करा, पण करा. बहिणीला उलटी लटकायची भीती वाटत होती. तिसऱ्या प्रयत्नाला ती स्वतःच म्हणाली, “सुटतंय गं सहज.” ही खात्री पाण्यात जाण्याआधी अंगात यायला हवी.

भाड्याने कयाक देणाऱ्यांना फोनवर काय विचारता त्यावरून पुढचे पाच दिवस ठरतात. एका मार्गदर्शकामागे किती माणसं? सहाच्या वर असतील तर मी नाही म्हणते. जादा वल्हं बरोबर असतं का? लाईफ जॅकेट मापाप्रमाणे मिळतं का? वाऱ्यामुळे रद्द कोण करतं, आम्ही की तुम्ही, आणि पैशांचं काय? ‘आम्ही कधीच रद्द करत नाही’ असं अभिमानाने सांगणाऱ्याकडे जाऊ नका. किनाऱ्यावर गेल्यावर सामानाच्या कप्प्यांची झाकणं हाताने दाबून बघा. एका ठिकाणी मी ते केलं नाही. झाकणाचं रबर उन्हाने चिरलेलं होतं आणि पहिल्याच रात्री तीन जणांची अंथरुणं ओली निघाली. तेव्हापासून कप्पा कितीही चांगला असो, कपडे, औषधं, फोन वेगवेगळ्या ड्राय बॅगांमध्ये, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशव्यांमध्ये. जड सामान तळाशी आणि मध्यावर, टोकांना हलकं.

पाणी माणशी दिवसाला चार ते पाच लिटर. सहा माणसं, दोन दिवस म्हणजे जवळजवळ साठ लिटर आणि तेवढेच किलो. हा आकडा कागदावर आला की कळतं, गोडं पाणी मिळणारी जागा दर दोन दिवसांनी वाटेत हवीच. मुक्काम त्या हिशोबाने ठरवा. सोबत क्षार-साखरेची पाकिटं. तहान लागेपर्यंत थांबायचं नाही. मी दर वीस मिनिटांनी शिट्टी वाजवते आणि सगळे दोन घोट घेतात.

ऊन वरून येतं तसं पाण्यावरून परतूनही येतं. हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडेला, पावलांच्या वरच्या बाजूला भाजतं. पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट हा सनस्क्रीनपेक्षा भरवशाचा. सनस्क्रीन घ्याल तर घटक वाचून घ्या: ऑक्सिबेन्झोनसारखी प्रवाळाला घातक रसायनं असलेली सनस्क्रीन पलाऊने २०२० पासून बंद केली, हवाईत २०२१ पासून त्यांची विक्री बंद आहे, आणि थायलंडच्या सागरी उद्यानांतही ती चालत नाहीत.

प्राण्यांबद्दल थोडक्यात. उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, वाळूवरून घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेला पाखट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) आधीच निघून जातो. पायात जाड तळाचे बूट कायम. पाखटाचा किंवा स्टोनफिशचा (दगडासारखा दिसणारा विषारी मासा) काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. बॉक्स जेलीफिश असलेल्या किनाऱ्यावर व्हिनेगरची बाटली सोबत हवी. प्रवाळाने खरचटलं तर लहान जखम म्हणून सोडू नका, स्वच्छ पाण्याने नीट धुवा, ती फार लवकर चिघळते. खाऱ्या पाण्यातल्या मगरी उत्तर ऑस्ट्रेलियात आहेत, अंदमानातही आहेत. तिथे कुठल्या खाडीत जायचं नाही हे स्थानिकांना विचारा आणि ऐका. मलेरियाच्या भागात जायचं असेल तर डॉक्टरांकडे महिनाभर आधी जा.

तंबू पुळणीवर लावताना वाळलेल्या शेवाळाची शेवटची रेघ शोधा आणि तिच्याही बरंच वर जा. उधाण असेल तर आणखी वर. नारळाखाली तंबू नको. कासवं अंडी घालतात त्या पुळणी सोडून द्या. कॅरिबियनमध्ये मॅन्चिनील नावाचं झाड किनाऱ्यावरच असतं, फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं. ते विषारी, आणि पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी चिकाने कातडी भाजते. विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश फार थोडा, सूर्य बुडाला की अर्ध्या तासाच्या आत काळोख. चूल, दिवा, दोऱ्या हे सगळं पाचच्या आत.

दुपारचे ढग फुलकोबीसारखे उंच वाढायला लागले आणि अचानक गार झुळूक आली की किनारा गाठायचा, चर्चा न करता. गडगडाट ऐकू आला तर शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात उतरायचं नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी एका कागदावर लिहा: कोण कोण, कयाकचे रंग, कुठून कुठे, कुठल्या दिवशी कुठे मुक्काम, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा. एक प्रत किनाऱ्यावरच्या माणसाकडे, एक घरी. फोनची रेंज बेटांमागे जाते, म्हणून व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे बोटींवरचा बिनतारी संच, भाड्याने मिळाला तर घ्या. संकटाची हाक चॅनल १६ वर. रेडिओ आणि शिट्टी लाईफ जॅकेटला बांधलेली हवीत. कयाकच्या कप्प्यात ठेवली आणि कयाक वाऱ्याने निघून गेली, तर हाक कशावरून मारणार?

परतल्यावर सगळं सामान गोड्या पाण्यात बुडवा, विशेषतः चेन आणि बकलं, नाहीतर पुढच्या वर्षी ती उघडत नाहीत. आणि त्याच रात्री, झोप आली तरी, वहीत लिहून ठेवा: कुठल्या तिथीला कुठल्या पुळणीवर किती वाजता पाणी कुठवर होतं, वारा किती वाजता सुटला, कोण कुठे दमलं. माझ्या तिसऱ्या वर्षीच्या वहीत त्या खाडीच्या पानावर वाळलेल्या चिखलाचा डाग आहे आणि त्याखाली मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘चढत्या पाण्यात’.